गाद्यांवर टेकलेला प्लग

मनात एक भिंत आण. मातीची, जाड, निळसर चुन्याने रंगवलेली. हिवाळ्यात तळहात लावलास तर गार लागेल अशी. त्या भिंतीत तुझ्या खांद्याच्या उंचीवर एक जुनं सॉकेट आहे. इतकं जुनं, की त्याचं पांढरं झाकण म्हाताऱ्या घोड्याच्या दातांसारखं पिवळं पडलंय. त्यात एक मोठा ठोकळा खोचलाय, ठोकळ्यात प्लग, आणि प्लगमधून तुझ्या अंगठ्याएवढी जाड काळी वायर खाली लोंबते आहे.

आता ठोकळ्याकडे नीट बघ. तो सरळ आहे का? नाही. चूक सापडलेल्या पोरासारखी त्याने मान खाली घातली आहे. वायर त्याला खाली ओढते आहे, आणि रोज जरा जास्त ओढते आहे.

हात लावू नकोस. नुसतं बघ. आणि वायर कुठे जाते ते बघ.

वायर जात होती एका यंत्राकडे, आणि यंत्रातून निघालेली पारदर्शक नळी जात होती कुन्दुझच्या आजोबांच्या नाकाकडे. कुन्दुझ दहा वर्षांची. नारीन नदीच्या वरच्या अंगाला, आमच्याच गावातली. आजोबांचं नाव झुमादिल, पण ती त्यांना चोंगाता म्हणायची, जशी आमच्याकडची सगळी मुलं आजोबांना म्हणतात. शरद ऋतूत त्यांच्या छातीत कफ झाला, तो गेला, पण जाताना अर्धा श्वास घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी हे यंत्र पाठवलं. ते खोलीतलीच हवा ओढून तिच्यातला प्राणवायू वेगळा काढतं आणि नळीतून देतं. यंत्र दूरदेशचं. त्याच्या प्लगचे दात आमच्या सॉकेटमध्ये बसत नाहीत, म्हणून मध्ये तो ठोकळा.

डॉक्टरीणबाईंनी कुन्दुझच्या आईला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. यंत्र पाच मिनिटांहून जास्त बंद राहता कामा नये. आणि यंत्राजवळ विस्तव नको, ठिणगीसुद्धा नको. जे एरवी नुसतं धुमसतं, ते अशा हवेत भडकतं. आईने हे कुन्दुझकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं.

मान घातलेल्या प्लगने काय बिघडतं, असं तुला वाटेल. सांगतो. सॉकेटच्या आत पितळेचे दोन चिमटे असतात. ते प्लगचे दात घट्ट धरतात आणि वीज आरामात जाते. शाळा सुटल्यावर दार सताड उघडं असलं तर सगळा वर्ग शांतपणे बाहेर पडतो, तसं. पण प्लग वाकला की चिमट्याची पकड सुटते, नुसती कड लागते. दार किलकिलं झालं म्हण. मग त्या फटीतून सगळ्यांची ढकलाढकली. वीज ढकलाढकली करते तेव्हा पितळ तापतं.

कुन्दुझला एवढं सगळं माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की ठोकळा वाकला की यंत्र ‘टीं’ करतं आणि क्षणभर थांबतं.

तिने आणि आईने काय काय नाही केलं! आधी वर खिळा ठोकून दोरीने वायर टांगली. मातीची भिंत ती. दुसऱ्या दिवशी मुठीएवढं ढेकूळ घेऊन खिळा खाली आला. मग पोळ्या लाटायचं लांब लाटणं ठोकळ्याखाली उभं केलं. मांजराला ते फार आवडलं. मग मिठाचा डबा आणि त्यावर काड्यापेटी. ती दुपारपर्यंत घसरली. शेवटी आईने सॉकेटच्या खाली संदूक ओढली आणि तिच्यावर घरातल्या सगळ्या बसायच्या गाद्या घडी करून रचल्या. आठ गाद्या. आठवी ठेवली आणि ठोकळा अगदी अलगद तिच्यावर टेकला. वायरचं वेटोळंही गादीवरच ठेवलं. प्लग सरळ झाला.

नळी नाकात घेऊन चोंगाता पडल्या पडल्या बघत होते. “वा,” ते श्वास घेत घेत म्हणाले, “आजारी मी... आणि आठ गाद्या... त्याला!”

यंत्र अकरा दिवस न अडता चाललं. अकरा दिवस कुणीच ध्यानात घेतलं नाही, की आमच्या घरांमध्ये कशावरही भार टाकावा, पण गाद्यांवर टाकू नये. कारण त्या घराच्या नसतातच. त्या पाहुण्यांच्या असतात.

बाराव्या दिवशी, शनिवारी दुपारी, पाहुणे आले.

आई बेकरीत कामाला गेली होती. वडील हिवाळी कुरणावर घोड्यांपाशी. घरी कुन्दुझ, चोंगाता, आणि मदतीला आलेली वडिलांची थोरली बहीण, झूरा एजे. झूरा एजे म्हणजे मनाने लोणी, पण आवाज कड्यावरून हाक मारल्यासारखा. अंगणात बर्फावर पावलं वाजली तशी तिने खिडकीचा पडदा सारला.

“कोकुय! असनाली अक्सकाल! विचारपूस करायला आलेत. एक, दोन... पाच जण! कुन्दुझ, स्वयंपाकघरात चहाचा समोवार उकळून आण. तळलेले बोरसोक काढ. आणि तोंड पूस, जॅम लागलाय.”

असनाली अक्सकाल गावातले सगळ्यात वयस्कर. त्यांनी दारात पाऊल ठेवलं की तरणी माणसं उभी राहतात आणि म्हातारी माणसं टोपी नीट करतात. ते आत आले, चोंगातांचा हात दोन्ही हातांत धरला. “काय रे झुमादिल, नाकात बोरू घालून बसलायस. शिकवणी लावलीस की काय?” चोंगातांचे डोळे हसले.

एवढ्यात झूरा एजे संदुकीकडे निघाली.

कुन्दुझ आडवी आली. “एजे, त्या गाद्या नका काढू. आईने सांगितलंय.”

“मग पाहुण्यांना काय उघड्या जाजमावर बसवू?”

“पण त्यावर प्लग टेकलाय. तो...”

“ऐका! पाहुणे उभे आणि प्लग गादीवर!” झूरा एजेने आवाज खाली आणला, म्हणजे तो फक्त शेजारच्या घरापर्यंत गेला. “झुमादिलकडे बसायला गादी मिळाली नाही, असं उद्या सबंध गाव म्हणेल. माझं नाक कापशील आणि तुझ्या आईचंही. सर बाजूला, माझी बाई.”

सगळ्यात वरची लाल मखमली गादी निघाली. ती अक्सकालांना, दारासमोरच्या मानाच्या जागी. ठोकळ्याखालचा आधार गेला आणि त्याने मान घातली, पण थोडीच, कारण वायरचं वेटोळं अजून खालच्या गादीवर होतं. दुसरी निघाली. तिसरी. दरवेळी झूरा एजे वायर एका हाताने उचलून बाजूला टाकी, उंबऱ्यातलं मांजर सारावं तशी. पाचवी गादी निघाली तेव्हा संदुकीवर तीन उरल्या, आणि वायर अर्धीअधिक अधांतरी लोंबत होती.

कुन्दुझ संदुकीपाशी गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पाठीमागे हात नेऊन तिने वायर तळहातावर तोलून धरली. जड होती. पण प्लग सरळ झाला. यंत्र गुरगुरत राहिलं. तिला वाटलं, अशीच उभी राहीन. पाहुणे जाईपर्यंत अशीच.

“ही पोर खांबासारखी का उभी आहे?” झूरा एजे म्हणाली. “चहा कोण ओतणार? मी?”

घरातल्या लेकीने चहा ओतायचा, हा रिवाज. कुन्दुझने हळूच, अगदी हळूच तळहात काढून घेतला.

टीं.

असनाली अक्सकालांनी कोटाचा खिसा चाचपला. “माझा फोन वाजला का?”

“तुमचा कसा वाजेल?” एक पाहुणा म्हणाला. त्याचं नाव मिरबेक, ट्रक चालवायचा. “तुमचा तर आजी स्वतःच्या खिशात ठेवते.”

सगळे हसले. चोंगाताही हसले, आणि हसण्याचा खोकला झाला. यंत्र पुन्हा सुरू झालं होतं. कुन्दुझ समोवारापाशी बसली. तिथून अक्सकालांच्या खांद्यावरून तिला सॉकेट दिसत होतं. ठोकळा आता सॉकेटमधून एका बाजूने सुटलेला होता. वरच्या बाजूला नखाएवढी फट, आणि फटीत मधूनच निळं काहीतरी चमके.

टीं. यंत्र थांबलं. सुरू झालं.

तिने चोंगातांकडे पाहिलं. त्यांच्या ओठांचा रंग बदलत होता, पिकल्या जांभळासारखा. त्यांनी तिची नजर पकडली. मग रजईवरचं एक बोट उचललं आणि सावकाश हलवलं. नाही. पाहुण्यांसमोर नको.

हे फार वाईट होतं. एजे ओरडली असती तर कुन्दुझ उलटून बोलली असती. पण आजोबांनीच गप्प राहायला सांगितलं होतं.

बोलायचं नाही, तर मग काय करायचं? तिच्या हातात चहाची वाटी होती. तू आमच्याकडे कधी चहा प्यायलास तर तुला अर्धीच वाटी मिळेल. रागावू नकोस. अर्धी वाटी म्हणजे ‘बसा, पुन्हा पुन्हा ओतू’. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे ‘झालं, आता निघा’. हे बोलून दाखवत नाहीत. कुन्दुझने असं कधी केलं नव्हतं, कुणी केलेलं पाहिलंही नव्हतं; फक्त ऐकलं होतं. पाहुणे उठले की गाद्या परत चळतीवर येतील, एवढाच तिचा हिशेब.

तिने असनाली अक्सकालांची वाटी भरली. अर्धी. मग आणखी. मग इतकी, की चहा काठावर फुगून उभा राहिला. आणि दोन्ही हातांनी, एक थेंबही न सांडता, त्यांच्यासमोर ठेवली.

मिरबेकने हातातला बोरसोक परत ताटात ठेवला.

अक्सकालांनी वाटीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. “अरे झुमादिल,” ते म्हणाले, “अठ्ठ्याहत्तर वर्षांत मला कुणी घालवून दिलं नव्हतं. तुझी नात पहिली!”

“कोकुय, कोकुय!” झूरा एजेने ती वाटी उचलून स्वतःच घटाघटा पिऊन टाकली, जीभ भाजली तरी. “पोर आहे, अक्सकाल, हात घसरला. हिला मी बघते नंतर. तुम्ही आता जेवूनच जायचं! हो, मी सोडतच नाही. आणि असे अवघडून का बसलात? पाठीला काही नाही तुमच्या!”

आणि माफी मागायची म्हणून, मान आणखी वाढवायचा म्हणून, ती संदुकीकडे गेली आणि आणखी दोन गाद्या ओढून घेतल्या. एक अक्सकालांच्या पाठीला, एक गुडघ्याखाली.

वायर घसरली. वेटोळं सुटून संदुकीच्या कडेवरून खाली गेलं आणि सगळा भार एकदम प्लगवर आला.

चट्. निळी ठिणगी. मग दुसरी, पिवळी, ती खाली पडताना दिसली. सॉकेटचं पिवळं झाकण तपकिरी झालं. यंत्र ‘टीं टीं टीं’ करायला लागलं, मध्ये गुरगुरे, पुन्हा थांबे. जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला.

“शेजारी बोरसोक करपले का गं?” झूरा एजे म्हणाली.

कुन्दुझ उठली. सॉकेटकडे गेली नाही. तिला तिथे हात घालावासा वाटला, फार वाटला. पण तापलेल्या, चटचटणाऱ्या प्लगला हात लावायचा नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही, तिच्या अंगावरच काटा आला होता. ती दाराकडे धावली. पडवीत लाकडी फळीवर सगळ्या घराच्या विजेचं काळं बटण होतं. ती टाचा उंचावून त्याला पोचली आणि तिने ते खाली पाडलं.

घर गप्प झालं. फ्रिज थांबला. यंत्र थांबलं. फक्त त्याची शिट्टी, एकसारखी, लांब.

“बंद केलंस?” झूरा एजे किंचाळली. “तू बंद केलंस? आजोबांचा श्वास बंद केलास?”

“प्लग जळतोय!” कुन्दुझ त्याहून मोठ्याने ओरडली. तिचा स्वतःचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “भिंतीत बघा! पाच मिनिटं आहेत. एक, दोन, तीन...”

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. सॉकेटमधून धुराची एक बारीक दोरी वर निघाली होती.

सगळ्यात आधी असनाली अक्सकाल हलले. गुडघ्याखालची गादी ढकलून ते उठले. “झूरा, ओरडू नकोस. पोरी, काय उचलायचं ते सांग.”

काय उचलायचं? कुन्दुझने खोलीभर पाहिलं. दुसरं चांगलं सॉकेट स्वयंपाकघरात होतं, टेबलाच्या वर, किटलीचं. पण वायर फार तर चार हात. ती तिथवर पोचणं शक्यच नव्हतं. अकरा दिवस म्हणूनच कुणी तो विचार केला नव्हता. बावीस. तेवीस. तिची नजर नळीवर गेली. यंत्रापाशी नळीचं मोठं भेंडोळं पडलं होतं, कागदी पट्टी तशीच, जशी आली तशी. वायर आखूड होती. नळी लांब होती.

“यंत्र!” ती म्हणाली. “यंत्र स्वयंपाकघरात. टेबलावर. वायर लोंबता कामा नये.”

“मिरबेक,” अक्सकाल म्हणाले.

मिरबेकने बाही वर केली. कुन्दुझने हाताला जाड फडकं गुंडाळलं आणि प्लग ओढला. निघेना. ठोकळा आतून चिकटला होता. तिने एक पाय संदुकीला लावला आणि पुन्हा ओढला. सॉकेटचा अर्धा भाग, मातीचा चुरा आणि ठोकळा एकदमच हातात आले. ठोकळ्याचे दोन दात काळे पडले होते. एकसष्ट. तिने ठोकळ्यातून प्लग उपसला. प्लग धड होता.

“पण ह्याचे दात आपल्याकडे बसत नाहीत!” झूरा एजे रडायला लागली.

कुन्दुझ थांबली. एजेचं खरं होतं. नव्वद. चोंगातांनी डोळे मिटले होते. त्यांची छाती भरभर, उथळ वरखाली होत होती, पाण्याबाहेरच्या माशासारखी. असनाली अक्सकालांनी त्यांचा हात धरला होता आणि ते त्यांच्या कानाशी काहीतरी सावकाश बोलत होते, मेंढ्यांबद्दल.

“माझ्या ट्रकमध्ये एक आहे,” मिरबेक म्हणाला. “असा ठोकळा. परदेशी चार्जरसाठी.”

“तो फोनचा असेल, लहान!” कुन्दुझ म्हणाली. “यंत्र वीज फार खातं. तोही जळेल.”

“नाही, नाही, जाड आहे. त्यावर मी पाणी उकळतो.”

“मग पळा ना, मिरबेक आबाय!”

तो बूट न घालता बर्फातून धावला. बाकीच्या तिघांनी यंत्र उचललं. झूरा एजेने डोळे पुसले, टेबलावरची किटली, पीठ, परात, सगळं एका हाताने लोटून जागा केली. कुन्दुझने नळीची कागदी पट्टी तोडली आणि भेंडोळं सोडत सोडत गेली, उंबऱ्यावरून, कुठे पीळ पडू न देता. “हिच्यावर पाय देऊ नका! कुणीच देऊ नका!” पाहुणे पाय वर घेऊन चालायला लागले.

एकशे सत्तर. मिरबेक धापा टाकत आला. ठोकळा जाड होता. यंत्र टेबलावर सॉकेटच्या अगदी शेजारी होतं. वायर टेबलावरच निजली, तिचा तिळभरही भार प्लगवर येत नव्हता. कुन्दुझने प्लग दाबला. घट्ट बसला. पडवीत पळाली. बटण वर केलं.

शिट्टी थांबली. एक धक्का, आणि गुरगुर सुरू झाली.

दोनशे चार. ती मोजतच राहिली होती. दोनशे पन्नासला चोंगातांनी डोळे उघडले. ओठांवरचं जांभळं सावकाश ओसरलं.

“असनाली,” ते म्हणाले, “तू... माझ्या मेंढ्या... अजून चुकीच्याच मोजतोस.”

मग मात्र सगळे एकदम बोलायला लागले. मिरबेकने ओले मोजे काढून पडवीत टाकले. झूरा एजेने कुन्दुझला पोटाशी धरलं, मुके घेतले, पाठीत एक धपाटा घातला आणि पुन्हा मुके घेतले. “सांगायचं नाही का मला?” ती म्हणाली.

“सांगितलं होतं.”

“मोठ्याने सांगायचं! माझ्यासारखं!”

अक्सकाल हसत होते. कुणीतरी चहा ओतत होतं. सगळ्यांना सगळं संपलं असं वाटलं.

कुन्दुझने नाक वर केलं. प्लॅस्टिकचा वास विरला होता. पण दुसरा एक होता, मऊ, कोमट, जुनी कापसाची वात विझवल्यावर येतो तसा. ती मोठ्या खोलीत परतली. चोंगाता इथेच पडले होते, नाकात प्राणवायूची नळी घेऊन. सॉकेटच्या जागी भिंतीत खड्डा. खाली संदूक. संदुकीवर एकच गादी उरली होती, चार घड्यांची, आणि ठिणगी पडली होती ती बरोबर तिच्याच घड्यांत.

तिने वरच्या घडीवर तळहात ठेवला. गार. पहिल्या घडीत हात घातला. गार. दुसरीत घातला. गरम.

तिने ओरडून कुणाला बोलावलं नाही. गादी उघडलीही नाही. उघडली की हवा लागते. तिने ती दोन्ही टोकांना धरून अंगापासून लांब उचलली, नळीवर पाय न देता उंबरा ओलांडला, पडवी ओलांडली आणि अंगणात नेऊन बर्फावर टाकली. तिथे पायाने उलगडली. निळ्या फुलांच्या मधोमध नाण्याएवढं काळं भोक होतं, आणि वारा लागताच त्याची कड लाल झाली. कुन्दुझ गुडघ्यांवर बसली, आणि ओंजळीमागून ओंजळ बर्फ त्या लाल कडेवर दाबत राहिली.